पाटावरचा बर्फ

आज माझं अर्धा किलो पीठ वाया गेलं,
वर वाटीभर साखर आणि कालच भाजलेला रवा.
ह्यांनी पाट मागितला. दिला.
गोणपाट मागितलं. दिलं.
मग मयूरीच्या दहावीतल्या कंपासपेटीतला
कोनमापक शोधायला मला माळ्यावर चढवलं.

मयूरी रविवारी गुलमर्गला निघालीय,
पुण्याच्या ऑफिसातल्या तिघांबरोबर,
पायाला फळ्या बांधून घसरायला.
दोऱ्या-पाट्या लावलेल्या उतारावर नाही,
त्याच्या पलीकडं, जिथं कुणी राखण करत नाही.
मी म्हटलं, आपल्या जरंडेश्वराला काय झालंय?
कुणी उत्तर दिलं नाही.

"गोणपाट म्हणजे जमीन," हे म्हणाले.
रवा पसरून थापला : जुना बर्फ.
त्यावर साखर भुरभुरली.
"ही थंडीनं सुटी झालेली. दाणा दाण्याला धरत नाही,
आणि वरून दिसत नाही. हिला भ्यायचं."
मग पीठ, चाळणीनं,
आणि वाटीच्या बुडानं दाबून घट्ट.
"वारा बर्फ जिथनं उचलतो तिथं नव्हे,
जिथं नेऊन ठेवतो, तिथं मरण."

सव्वीस वर्षांच्या संसारात सुभेदारांनी मला
बर्फाबद्दल एवढंच सांगितलं होतं, की तो गार असतो.

पिठावर घेवड्याचे चार दाणे ठेवले,
आपल्या कोरेगावचाच, वाघ्या.
"ही तू. हे तुझे तिघं."
पाट एका अंगानं वर. वीस अंश. पंचवीस.
मयूरी हसली.
तीस ओलांडल्यावर हे थांबले
आणि तीनच बोटं उरलेल्या त्या हातानं
वरच्या कडेला टिचकी मारली.

पापड मोडावा तशी आडवी रेघ गेली
आणि सगळं पीठ एकदम, अख्खं,
माझ्या फरशीवर.
रवा जागचा हलला नाही.

तीन दाणे सापडले. चौथा नाही.
मयूरी गुडघ्यावर बसून पीठ चाळत होती,
हे भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.
"पंधरा मिनिटं," म्हणाले. "त्यापुढं घाई नसते."

मग बोलत राहिले, पाट मांडीवर घेऊन :
एकानं जायचं, बाकीच्यांनी नजर काढायची नाही.
दुसऱ्याच्या खुणा म्हणजे परवाना नव्हे.
पायाखाली बर्फानं 'हुं' केलं, तर तो होकार समजू नकोस.
"आता यंत्र असतं, बाबा, छातीला बांधायचं."
"असू दे. यंत्र शोधून देतं. वाचायचं असलं तर माघारी फिरावं लागतं."

आणि मग, मधेच, हणमंत फाळके.
कमरेला लाल दोरी बांधायचे तेव्हा,
माणूस गाडला तरी दोरी वर तरंगावी म्हणून.
वर आली दोरी. हातभर. तुटलेली.
मार्केट यार्डात पोत्यात परखी खुपसतात
तशा काठ्या खुपसत गेले रात्रभर.
"त्याला मीच म्हटलं होतं, जा पुढं."
एवढं बोलून पाट धुवायला गेले.
पाट मी कधीच ह्यांना धुऊ दिला नव्हता.

गुरुवारी फोन आला. आवाज तुटत होता.
उतार सुंदर होता म्हणे, कुणाची रेघ नसलेला,
पण पहिल्याच पावलाला 'हुं' झालं.
परत फिरलो. एकजण अजून बोलत नाही माझ्याशी.
ह्यांनी फोन घेतला.
"कोन?"
"चौतीस."
फोन माझ्या हातात दिला
आणि परड्यात जाऊन उभे राहिले, चप्पल न घालता.

मी कुणाला सांगितलं नव्हतं,
पण चार दिवस रोज झाडताना वाकून बघत होते.
आज सिलिंडरच्या मागं सापडला,
पिठानं पांढरा झालेला.
पुसला. पट्टे दिसले.
आमटी उकळत होती. त्यात टाकला नाही.