एक – शून्य – एक

मृण्मयी कुलथे नावाची एक शिकाऊ डॉक्टर
तीन आठवडे माझ्या काउंटरमागच्या स्टुलावर बसून होती.
बारा वर्षांखालच्या मुलांच्या चिठ्ठ्या,
छातीच्या, फक्त छातीच्या,
रकान्यांत उतरवून घेत.
औषध. मात्रा. किती दिवस. तोंडातून की श्वासातून.

दुकान गोवंडीच्या नाक्यावर, म्हणून दोन्हीकडची चिठ्ठी येते.
चेंबूरच्या एसीतली, छापील,
आणि बैंगनवाडीतली, जिचं अक्षर
लिहिणाऱ्याला आणि मलाच लागतं.

चौथ्या दिवशी म्हणाली,
काका, दमा हा शब्दच कुठे दिसत नाही.

नाहीच दिसणार.
कफ, ॲलर्जी, हवा बदलली, छाती भरली.
दमा लिहिला की आई दुसरा डॉक्टर गाठते.
पंप लिहिला की आजी विचारते, सवय लागली तर?
आणि मुलगी असेल तर अजून एक प्रश्न,
तो काउंटरवर कुणी मोठ्याने विचारत नाही.

म्हणून सिरप. गुलाबी,
कंपनीचा माणूस बदलला की नारिंगी.
म्हणून त्या इवल्या पांढऱ्या गोळ्या,
पोरगं दोन दिवसांत उड्या मारायला लागतं
आणि वर्षभर चालल्या की गाल गोल होतात.
अंग धरलं पोरीनं, बायका म्हणतात.

पाकिटावर मी लिहितो, एक – शून्य – एक.
सकाळी, रात्री. मधलं शून्य शाळेचं.
देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरातून धूर निघाला
की कुणी न सांगता दोन खोकी जास्त मागवतो.
सव्वीस वर्षं.
बिल फाडलं, सुटे दिले.

एकदाच पालिकेच्या दवाखान्यातून
अफशीनची आई पंपाची चिठ्ठी घेऊन आली.
पंपाचे पैसे मोजले तिने.
सोबतच्या नळीची किंमत सांगितली
तर चिठ्ठीची घडी घालायला लागली,
चौपदरी, मग आणखी लहान.

मृण्मयी उठली.
स्वतःच्या बाटलीतलं पाणी गटागट पिऊन टाकलं.
बुडाशी पेनने पंपाच्या तोंडाएवढं रेघाटलं,
माझं ब्लेड, माझीच चिकटपट्टी.
अर्ध्या लिटरच्या बाटलीचं तोंड ओठांत धरून
सात वर्षांची अफशीन दुकानाच्या पायरीवर
हळूहळू पाच श्वास मोजत बसली.
पाचव्याला हसली.
बाटलीत धुकं झालं होतं.

त्या दिवशीच्या रकान्यात
श्वासातून: एक.

मृण्मयी गेली. तिचे टक्के काय निघाले
मला कळलं नाही.
स्टूल आहे. त्यावर आता खोकी ठेवतो.

काल रात्री शटर अर्धं ओढलेलं,
एक बाई, कडेवर मुलगा,
श्वासागणिक त्याच्या गळ्याखालचा खळगा आत जात होता.
चिठ्ठी तीच. गुलाबी सिरप, पांढऱ्या गोळ्या,
एक – शून्य – एक.
मी ती दिव्याखाली धरली, उलटी केली, परत सुलटी.

काय झालं, बाईने विचारलं,
अक्षर लागत नाही का?

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालो,
नाही लागत.
थांबा, रिक्षा बोलावतो.