पान सहा, खाली डावीकडे

बातमी आली तेव्हा आम्ही झोपलो होतो.
संघरत्नच्या आईनं पेपर उघडला,
आधी निधन वार्ता वाचल्या, तिची सवय,
आणि मग आम्हाला हलवलं.

पान सहा, खाली डावीकडे.
वर बोअरवेलची जाहिरात, शेजारी हरवलेला पोपट
(बोलतो, राम राम म्हणतो, आणून देणाऱ्यास बक्षीस)
आणि मध्ये आम्ही चौघं,
इतवारीतल्या एका शटरसमोर डोळे बारीक करून,
कारण फोटोवाला म्हणाला होता,
हसू नका, बँड आहे न तुमचा.

नाव चुकलं.
भरदुपारचं झालं दरदुपार.
नावेद म्हणाला, एका अक्षरात रोजीवर आणलं बे आपल्याला.
तेजल नंदनवारची झाली तेजल नंदनवन,
मुलगी गेली, आख्खी वस्ती गाऊ लागली.
माझं नाव मात्र काना-मात्रेसकट बरोबर,
फोटोत अर्धा खांदा.

ती वार्ताहर मे महिन्यात आली होती,
तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे,
स्कूटीच्या सीटवर ओलं फडकं.
तीन गाणी ऐकली, पन्हं प्यायली, गेली.
आणि लिहिलं:
यांच्या गाण्यांच्या तळाशी एक अखंड खर्ज आहे,
जणू शहर झोपेत श्वास घेतंय.
तो कुठून येतो, हे मात्र ते सांगत नाहीत.

तिनं विचारलंच नव्हतं.

तो खर्ज म्हणजे ढाकटेकाकांचा कूलर.
पत्र्याचा, दोनदा वाइंडिंग केलेला,
एका पायाखाली विटेचा तुकडा.
मार्चमध्ये काकांचे बाकी कूलर भाड्यानं जातात,
गोडाउन रिकामं होतं, आम्ही आत शिरतो.
दिवाळीला कूलर परत येतात, आम्ही बाहेर.
वर्षातले सहा-सात महिने बँड,
उरलेले महिने कोणी कुरिअर, कोणी एमपीएससी.
एकदा तो बंद करून रेकॉर्डिंग केलं होतं.
दुसऱ्या कडव्याला संघरत्न ड्रमवरच आडवा झाला.
मग चालूच ठेवला.
म्हटलं, नंतर काढून टाकू आवाज.
नंतर निघाला नाही.

काकांना बातमी वाचून दाखवली.
चष्मा कपाळावर, हात ग्रीसचे,
खर्जाची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली.
मग म्हणाले,
बेअरिंग गेली बाप्पा त्याची. उद्या बदलून देतो.
नका! आम्ही चौघंही ओरडलो,
इतक्या सुरात आम्ही एरवी कधी लागत नाही.

डिसेंबरात धरमपेठेतला एक हॉल मिळाला.
फोनवरचा माणूस म्हणाला, ते खालचं घूं पाहिजे बरं का,
लोक त्याच्यासाठीच येऊन रायले.
ई-रिक्षात कूलर बांधला.
गांधीबागेपासून बर्डीपर्यंत प्रत्येक सिग्नलला तेच,
काऊन बे, थंडी कमी पडली काय?
आठ डिग्री होतं त्या रात्री.

पहिलं गाणं फसलं.
घूं येत होतं, पण कोरडं, वरच्या पट्टीतलं,
डबा घासल्यासारखं.
एवढे उन्हाळे त्याच्यापुढे बसून
आम्हाला कळलं नव्हतं की त्यात पाणीही वाजतं.
दुसऱ्या गाण्याआधी हॉलचा चौकीदार, कानाला मफलर,
काही न विचारता नळाच्या दोन बादल्या घेऊन आला
आणि स्टेजवर चढून टाकीत ओतल्या.
ताट्या भिजल्या. वाळ्याचा वास सुटला,
त्या थंडीत, एकदम, एप्रिलचा.
आवाज हळूहळू खाली उतरत गेला,
जिथे तेजलचा सा आहे तिथे येऊन बसला.

पहिल्या रांगेला हुडहुडी भरली.
संघरत्नच्या आईनं पदर कानावरून घेतला
आणि जागची हलली नाही.

तिसऱ्या रांगेत तोच स्कार्फ, आता थंडीसाठी, तेच डोळे.
तिनं कूलरकडे पाहिलं.
मग विटेच्या तुकड्याकडे, तोही आणला होता आम्ही.
वही उघडली,
आणि काहीच न लिहिता
पेनाला टोपण लावलं.