कांडीची वाट

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, रात्रीचे पावणेदोन.
बाहेर मे महिना अजून भिंतीतून निघतोय,
आत एसीच्या कृपेने चोवीस अंश.
पूर्वी इथे सुताच्या गाठी असत;
भिंतीला हात लावला की बोटांना अजून भुकटी लागते.
आता मधोमध एकच काळी पेटी, चौसष्ट कोअरची,
आणि तिच्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत मी,
कडक भाकरी मोडत,
शेंगाचटणीचं बोट कीबोर्डला लागू न देता.

काम तसं सोपं. पेटी पळवायची, वेळ मोजायची.
गेल्या गळीत हंगामाच्या सगळ्या पावत्या,
वजन, उतारा, वाहतूक, कपात,
तेच गणित, आधी एका कोअरवर, मग दोन, मग चार.
प्रत्येक खेप पाचदा. पहिली धरायची नाही,
गार पेटी खोटं बोलते.

एकावर एकोणपन्नास मिनिटं.
दोनवर पंचवीस. चारवर तेरा.
आठवर सात, तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत हलले.
सोळावर चार.
बत्तीसवर पावणेतीन.
चौसष्टवर
तीन.

परत लावलं.
तीन मिनिटं, वर दोन सेकंद.
पंखे असे किंचाळले की इरण्णा गेटवरून आला,
"मॅडम, होटगी रोडचं विमान इकडंच उतरवताय काय?"

तापमान पाहिलं, ठीक. वेग पाहिला, तोच.
पडद्यावर चौसष्ट पट्टे, सगळे काठोकाठ भरलेले,
सगळे शंभर टक्के कामात.
पण कामात म्हणजे काय?
वाट बघणंसुद्धा ही पेटी कामातच धरते.

हे मला सातवीपासून माहीत होतं.
नायना जॉबर होता त्या कारखान्यात
बारा माग होते. शेठनं पाडव्याला आणखी आठ आणले,
हार घातले, नारळ फोडला, पेढे आम्हालाही मिळाले.
महिनाअखेर कापड मोजलं तर
बारा मागांवर निघायचं त्याहून जेमतेम चार ताके जास्त.
शेठ विणकरांवर घसरला.
विणकर उभेच होते की! हात मागावर,
धोटा रिकामा, डोळे कोपऱ्यात
जिथे नरसम्मा एकटी कांड्या भरत होती
एका यंत्रावर, विसांसाठी.
"आगु रा, आगु," म्हणायची, मान वर न करता.
ती आळशी नव्हती.
तिला कुणी मोजलंच नव्हतं.
मग एक अख्खी पाळी नायना तिच्याशेजारी बसला,
भरलेल्या प्रत्येक कांडीमागे भिंतीवर खडूची एक रेघ.
ती भिंत दाखवायला त्यानं शेठला हाताला धरून नेलं.

पेटी बंद केली. झाकणाचे स्क्रू काढले.
मेमरीच्या खाचा आठ.
भरलेल्या दोन.
उरलेल्या सहांत विकणाऱ्यानं काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या,
लांबून बघितलं तर भरल्यासारख्याच दिसाव्यात अशा.

सकाळी कोरवलीकर साहेबांना एक ओळ हवी आहे,
"कामगिरी समाधानकारक", की बिल निघेल.
मी सातही आकडे लिहिले, घड्याळात दिसले तसे,
खाली खाचांचा फोटो जोडला.
शेरा लिहिला, "कांडी अपुरी आहे."
खोडला. "मेमरी अपुरी आहे."

पहाटे पाचला नायनाला फोन केला, तो जागाच असतो.
नवीन यंत्र आलंय म्हटलं. एकाच पेटीत चौसष्ट.
तिकडे जरा वेळ नुसता खोकला.
मग म्हणाला,
"अन् भरणाऱ्या किती?"