रीशा

दिब्ब्याच्या धक्क्यावर ओहोटी लागलेली.
उतारावर शेवाळ, आणि शेवाळावर
माझ्या सत्त्याण्णवच्या हायलक्सची मागची चाकं
जागच्या जागी फिरतायत. जळक्या रबराचा वास.
मागे पाण्यातून अर्धी वर आलेली बू हमदानची बोट,
दोन इंजिनं, फ्रीज, पोरांचं फुगवायचं केळं,
आणि तीन दिवसांच्या सुट्टीतलं उरलेलं बर्फ.

कंपनीचा मोठा ट्रक गॅरेजात पडलाय.
"तुझी आहे ना," मुदीर म्हणाला, "हळू आण."
हळूचं वजन किती, ते नाही विचारलं त्याने.

हर्णैला आमचे बैल समुद्रात उतरायचे,
छातीभर पाण्यातून मासळीची गाडी काढायचे.
पायाखालची वाळू सरकली की पोवळ्या थांबायचा.
आबा चाबकाला हात लावायचे नाहीत,
पुढे जाऊन धुरेवर बसायचे, नुसते,
विडी पेटवून.
"गाडी उलाळ भरू नये रे.
बैलाच्या मानेवर थोडं तरी यायलाच हवं."

तेच बशारत मिस्त्री सांगतो, सियालकोटच्या पंजाबीत,
हूकखाली साखळ्या फुलीत अडकवताना.
नाक जड ठेव.
नाक हलकं झालं की शेपूट नाचते,
आणि शेपटीमागोमाग तू.

मी बर्फाच्या पेट्या ओढून बोटीच्या नाकात नेल्या.
तरी चाक धरेना.
मग जाळं विणणारे चितगावचे दोघे हौदात चढले,
पंपावरचा नेपाळी चढला,
आणि एक जाडा मिसरी, सहलीला आलेला,
हातातल्या आइस्क्रीमसकट, कुणी न बोलावता.
"यल्ला," म्हणाला.
स्प्रिंगा कण्हल्या. रबराने दगड ओळखला.
बोट वर आली, पाणी गाळत,
एखादी म्हातारी न्हाणीतून उठावी तशी, कुरकुरत.

मसाफीचा चढ.
बाहेर सेहेचाळीस, दुसरा गिअर, काटा लालाकडे.
हीटर लावला. हो, जुलैत.
इंजिनाची आग स्वतःच्या अंगावर घ्यायची
म्हणजे ते जरा श्वास घेतं.
काचा खाली, पायाच्या नडगीवर भट्टी,
मागून पांढऱ्या गाड्या दिवे मारतायत,
एकीतल्या पोराने फोन बाहेर काढून माझं चित्र घेतलं.
घे बाबा.
जुम्मा बाजारात थांबलो, गालिच्यांच्या सावलीत.
रेडिएटरला पाणी, मला पाणी,
दुकानदार म्हणाला, एक गालिचा घे.
कुठे अंथरू, विचारलं. बोटीत, म्हणाला. दोघेही हसलो.

पुढे उतार. तिथे तिने एकदा शेपूट हलवलीच.
आरशात डावीकडे बोट, मग उजवीकडे,
मग आरशात नुसतं आभाळ.
उजवा पाय ब्रेककडे धावला, मी त्याला वाटेत अडवलं.
ब्रेक नाही. वळवायचंही नाही.
फक्त ॲक्सिलेटर सोडून द्यायचा, चाक सरळ धरायचं
आणि वाट बघायची.
किती? आठ सेकंद असतील.
आठ सेकंदांत मला काहीच आठवलं नाही,
ना घर, ना देव, ना आबा.
एवढंच दिसलं, की डॅशबोर्डवरच्या बडीशेपेच्या डबीचं
झाकण उघडं राहिलंय.

मग ती आपणहून शांत झाली.

धैदनंतर सपाट, उंट, अंधार.
उम्म अल क्वैनच्या यार्डात साडेनऊला
हूक सोडला, तेव्हा हायलक्सची पाठ
चार बोटं वर उठली आणि थोडी डुलली.
वॉचमन इस्माइलला मी बोटीवरची निळी अक्षरं दाखवली,
तीन वर्षं धुतोय, नाव काय हिचं?
"रीशा," तो म्हणाला. "म्हणजे पीस. पाखराचं."
साडेतीन टनांचं पीस.

मी काही बोललो नाही.
घाम पुसत गाडीत परत बसलो, खोलीकडे निघालो,
अर्ध्या वाटेत लक्षात आलं:
हीटर चालूच आहे.