दाखल क्रमांक ७३१२

नियम अकरावा : पुस्तकात काही लिहू नये.
दंड दहा रुपये.
नियम मीच टाइप केलेला.
आणि आज, मे महिन्यातल्या दुपारी,
वरणगावात सेहेचाळीस, कूलरचं पाणी संपलेलं,
मी खोडरबर घेऊन बसले आहे.

पुस्तक परराष्ट्र धोरणाचं. करडा पुठ्ठा,
मागे लेखक, हाताची घडी घालून.
असली पुस्तकं आमच्याकडे धूळ खातात.
हे चौदा महिने कपाटाला टेकलं नाही.

पान नऊ. छापलंय की
बोलणी ही दुबळ्यांची सवय.
समासात पेन्सिल : शंभर टक्के!
त्याखाली हिरवी शाई : घरी बायकोशी काय करता?
त्याखाली पुन्हा पेन्सिल, कागद फाटेस्तोवर दाबून :
घरची गोष्ट वेगळी.

सतरा वर्षं हेच काम. मला कळतं
कोण बोट ओलं करून पान उलटतं,
कुणाची शेवभाजी अठ्ठ्याऐंशीव्या पानावर सांडली.
हिरवी शाई झोपे सरांची.
उत्तरपत्रिका सुटल्या, शाई सुटली नाही.
पेन्सिल चपटी, जाड : सोनवणे मिस्त्री,
एरवी सागाच्या फळीवर रेघ मारणारी.

पान एकशे बेचाळीस. मिस्त्री लिहितात :
बोलणी चालू होती त्याच आठवड्यात
आमच्या गणपतच्या बाजूच्या बंकरातला पोरगा गेला.
सरांना सांगा.

सरांना सांगा, म्हणजे मला.
म्हणजे मी वाचते हे त्यांना ठाऊक.
खाली सरांचं उत्तर नाही.
एक हिरवा ठिपका आहे फक्त,
पेन टेकवून उचललेलं.

मधेच बऱ्हाटे आप्पा. फॅक्टरीत तीस वर्षं काडतुसं,
उजवी दोन बोटं अर्धी, म्हणून अक्षर डावं, तिरपं.
लेखकाला दारूगोळ्याचा साठा दुप्पट हवा.
आप्पा : दोन पाळ्यांत नाही होत.
आधी जागा भरा म्हना. मले रिटायर होऊन सहा वर्षं झाली,
माह्या जागी अजून कोनी नाही.

मग पान दोनशे तीन.
सीमेवरच्या एका गावाएवढी हानी, म्हणजे तीनेक हजार,
देशाला पेलण्याजोगी आहे.
शेजारी बॉलपेननं कुणीतरी बेरीज मांडलेली,
किराणा दुकानात मांडतात तशी :
मधली गल्ली ६४०
कुंभारवाडा ३९०
भोईवाडा ४१५
स्टेशन रोड, उजवी बाजू ८७०
हायस्कूल, सकाळची पाळी ५१२
एकूण २८२७. अजून १७३ लागतात.

आमचे सभासद एकशे एकाहत्तर.
मी आणि शिपाई हिरामण धरला
की हिशेब जुळतो.

हे अक्षर मला ओळखता आलं नाही.
रजिस्टर काढलं, सह्या ताडून पाहिल्या,
तिघांवर संशय आला, तिघेही
लेखकाची बाजू घेऊन काउंटरवर भांडलेले.

पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.
पेन्सिल निघते. हिरवी शाई निघत नाही.
त्यामुळे नवव्या पानावरून मिस्त्री गेले
आणि सर एकटेच विचारत राहिले
घरी बायकोशी काय करता,
कुणाला, ते आता कळत नाही.
मला ते बरं वाटलं नाही. मिस्त्रींचं मला
एक अक्षर पटत नाही, तरीही.

साडेचारचा भोंगा झाला.
सुभान तडवी आला, बी.ए.चं दुसरं वर्ष,
यादीत सहावा, सायकल उन्हात टाकून.
टेबलावरचा रबराचा चुरा बघितला त्यानं.

खोडलं का मॅडम सगळं?
चाळीस पानं झाली, म्हटलं.
असू द्या, म्हणाला,
मी एक्केचाळीसपासून वाचतो.