वॉशर

पहिल्यांदा पाहिला तेव्हा दादा म्हणाले,
"हा तर वॉशर. मधे गोळा बसवलाय,
पण फिटिंग नाही, चहूबाजूंनी गॅप."

अंबडची गच्ची, पाण्याच्या टाकीला टेकवलेला पीव्हीसी पाइप,
आत आरसा, दादांनी स्वतः घासलेला
पाच महिने, रात्रपाळीहून आल्यावर
आईच्या पोळपाटावर.
तेवढे महिने आईनं परात पालथी घालून पोळ्या लाटल्या.

रंगनाथ बागूल, टर्नर, टोकन नंबर चारशे बारा,
मायक्रोमीटरशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा माणूस,
मला सांगत होता:
सातपूरपासून नाशिकरोडपर्यंत एवढी चकती काप,
त्या मापानं तिची जाडी येईल फार तर मिलिमीटरभर.
"असा जॉब कोणाला जमेल सांग. चकवर धरायचा कुठे?"
त्याचा अख्खा दिवस साडेदहा तासांचा:
एक शिफ्ट, वर अडीच तास ओव्हरटाइम.

आई शनिवारी तेल घालून यायची,
तिचं साडेसातीचं गणित वेगळं.
दुर्बिणीशी आली तेव्हा तिनं चप्पल काढली.
"एवढासा?"
मग बराच वेळ काही नाही.
"ते कडं कशाचं?"
"बर्फाचं. तुकडे आहेत, मिठाच्या खड्याएवढे,
काही आपल्या घराएवढे."
"बर्फावर तेल ओततो आपण," ती म्हणाली, हसली नाही.

लोखंड त्याचं म्हणतात, पण तो पाण्याहून हलका.
गंगापूर धरण पुरणार नाही,
पुरलं असतं तर हा तरंगला असता
पाणकोंबड्यांमध्ये.
हे ऐकून आईनं दादांकडे असं पाहिलं
की जणू मशीनमध्ये काहीतरी ढिलं झालंय.

गुरू सिंहेत आला की आमचं गाव रंगवतात,
घाट धुतात, बॅरिकेड लावतात.
हा कुठल्या राशीत उभा आहे
याची गर्दी होत नाही, फक्त भीती होते,
तीही ज्याची त्याची, घरात.

नोव्हेंबरात दादा सुटले.
शाल, भिंतीवरचं घड्याळ, साडेएकोणतीस वर्षं.
"त्याच्या हिशेबानं एकच वर्ष भरलं," दादा म्हणाले,
"सूर्याभोवती एक फेरी, की लगेच घरी."

त्या रात्री पाइप लावला तर कडं नाही.
गोळा तेवढा, आणि शेजारी टायटनचा ठिपका.
आई म्हणाली, "कोणी नेलं?"
दादांनी खिशातून वॉशर काढला,
(खिशात नेहमी एखादा असायचा)
दिव्यापुढे आडवा धरला, मग हळूहळू कलता केला.
"गेलं नाही. आपण कडेनं बघतोय.
मी कामाला लागलो तेव्हाही असंच मिटलेलं होतं,
तेव्हा दुर्बीण नव्हती, म्हणून कळलं नाही."

खाली एमआयडीसीचा भोंगा झाला.
दादांचा हात सवयीनं टिफिनकडे गेला,
मग वॉशर परत खिशात.

आई डोळा लावून होती, सव्वा तासापूर्वीच्या उजेडाला.
"आहे," ती म्हणाली. "रेघेएवढं आहे."
आणि चप्पल तिथेच विसरून खाली गेली.