सातवा रकाना

करारावर सह्या झाल्या तेव्हा
मी चार नंबरच्या पंपाखाली आडवा होतो.
वर सभागृहात खजूर, कहवा, दोन झेंडे.
डीनसाहेबांचं पेन ऐनवेळी चाललं नाही म्हणे,
आमच्या मॅनेजरनं आपलं दिलं.
सोहारातली पहिली देवाणघेवाण ती एवढीच.

रविवारी सहा पोरं आली,
हेल्मेटवरची स्टिकरं न काढलेली.
सोबत फॉर्म : प्रशिक्षकाचं शिक्षण?
मी लिहिलं, आयटीआय, इचलकरंजी.
ओळीवर जागा बरीच उरली.

दोन महिने पार वाया.
त्यांचा दिवस मंगळवार,
आमचा पंप बिघडणार गुरुवारी.
ती समीकरणं मांडायची, मी पाने मांडायचो,
आणि दोघांनाही वाटायचं
समोरच्याला काही येत नाही.

मग डॉक्टर नाझिकाबाई स्वतः आल्या,
अबायाखाली सेफ्टी बूट.
म्हणाल्या, यंत्रं उघडी कधी असतात?
जानेवारीत, शटडाउनला.
त्यांनी परीक्षाच फेब्रुवारीत ढकलली.
एकवीस वर्षांत
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

शटडाउनच्या आधल्या दिवशी
शमसा बलुशीच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला.
टोक बेअरिंगवर, मूठ कानाशी. डोळे मीट.
"कोणीतरी वाळू चावतंय,"
ती मोडक्या हिंदीत म्हणाली.
माझ्या अंगावर काटा आला.

बारा मागांच्या खडखडाटात
एक धागा तुटला तरी जागा व्हायचा माझा बाप.
ते कान त्यानं मला दिले,
फॉर्म न भरता.

बेअरिंग काढलं. पिंजऱ्याला चीर.
तिनं वही उघडली, खालची ओठ चावत आकडे मांडले :
अजून एकोणीस तास टिकलं असतं.
हे मला येत नाही.
मला 'काय' कळतं, 'कधी' कळत नाही.

कॅम्पात पोरं म्हणतात, येडा आहेस.
दोन वर्षांनी तीच तुझ्या खुर्चीत बसणार.
माहीत आहे. कलम नऊ.
तेवढं इंग्रजी वाचता येतं.
म्हणतात, हात राखून शिकव.
हात राखून ग्रीस भरावं, ते खरं,
जास्त झालं तर बेअरिंग तापतं.
पण अर्धा ऐकलेला आवाज
ऐकलेलाच नसतो.

शेवटी फॉर्म आला. सहा रकाने :
हजेरी, सुरक्षा, लेखी, असलंच काहीबाही.
शमसानं पट्टी घेऊन
पेन्सिलीनं सातवा आखला,
वर अरबीत काहीतरी लिहिलं,
आणि स्वतःच्या कानाला हात लावून दाखवलं.

मी दहापैकी नऊ दिले.
एक तेवढा
हात राखून.